रेव्हरंड गॉर्डन हॉल : परक्या भाषेत तेरा वर्षे

आपल्या मराठी देशात अमेरिकन मिशनचा पाया ज्यांनी घातला, त्यांत रेव्हरंड गॉर्डन हॉल ह्यांचे नाव अग्रभागी आहे. पुष्कळ मंडळ्यांतून हे नाव ठाऊक आहे, परंतु परक्या भाषेत सेवा करताना त्यांस काय सोसावे लागले हे थोड्यांसच ठाऊक असेल. उपदेशकाचे काम करणाऱ्या आपल्या बंधूंस त्यातून बोध घेण्याजोगे आहे, म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देतो.

हॉल साहेबांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड ह्या खेड्यात ८ एप्रिल १७८४ रोजी झाला. विल्यम्स कॉलेजातील अभ्यास संपवून त्यांनी पाळकाचे शिक्षण घेतले. फेब्रुवारी १८१२ मध्ये त्यांस दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात ते गलबतावर चढले. सहा महिन्यांच्या प्रवासानंतर ते कलकत्त्यास पोहोचले, पण ईस्ट इंडिया कंपनी सरकारने त्यांस तेथे राहू दिले नाही. तेव्हा ते आणि त्यांचे सोबती नॉट साहेब फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस आले.

मुंबईतही स्वागत झाले नाही. त्या वेळी इंग्रज व अमेरिकन ह्यांचे युद्ध चालू होते, म्हणून त्यांजवर संशयाची दृष्टी होती. देश सोडून जाण्याचा हुकूम झाला. ते कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांस परत मुंबईस आणण्यात आले. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन ह्यांजकडे हॉल साहेबांनी नम्रपणे पण निर्भयपणे विनंतीअर्ज केले, आणि अखेर १८१३ चे साल सरता सरता राहण्याची परवानगी मिळाली.

सरकारचे दार उघडले, परंतु भाषेचे दार अजून बंदच होते. आज शिकणाऱ्यास जी साधने सहज मिळतात, ती त्या काळी नव्हती. श्रीरामपूर येथे कॅरी साहेबांनी पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्याने केलेले व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली छापून निघाले होते. मोल्सवर्थ साहेबांचा मोठा कोश १८३१ साली निघाला आणि दादोबा पांडुरंग ह्यांचे व्याकरण १८३६ साली. हे दोन्ही ग्रंथ हॉल साहेबांच्या नशिबी नव्हते.

ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्यास आपली मराठी किती कठीण जाते ह्याचा विचार करा. त्याच्या कानास त आणि ट, द आणि ड एकच वाटतात. काल आणि काळ ह्यांतील भेद त्याच्या जिभेस साधत नाही. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिण्यात एक असून बोलण्यात निराळे आहेत. त्या काळी ग्रंथ बाळबोध लिपीत आणि रोजचा व्यवहार मोडीत, म्हणजे दोन लिप्यांचेही ओझे होते. ह्याहून मोठी अडचण अर्थाची आहे. पाप म्हटले की कोणास विटाळ आठवतो. नवा जन्म म्हटला की कोणास पुनर्जन्म आठवतो. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, आणि तरी ऐकणाऱ्याच्या मनात भलतेच उभे राहते. ह्या देशात उपदेश करणाऱ्या प्रत्येक परकीयास ह्या वाटेने जावे लागले आहे.

हॉल साहेबांनी ही वाट सोडली नाही. पदवीधर मनुष्य, पण तो शिष्य होऊन बसला. भाषा येऊ लागताच ते रस्त्यांत, बाजारात व देवळांपाशी जाऊन लोकांशी बोलू लागले. कोणी ऐकून घेत, कोणी हसत, कोणी शिव्या देत. पुढे मिशनने मराठी शाळा उघडल्या, आणि १८२४ साली मुलींचीही शाळा सुरू झाली.

परंतु एक दुःख वारंवार येई. भाषा शिकण्यास वर्षे लागत आणि शिकलेला मनुष्य एका दिवसात जाई. नॉट साहेब आजारामुळे १८१५ साली स्वदेशी परतले. न्यूएल साहेब १८२१ साली पटकीने वारले. मनुष्याबरोबर त्याची शिकलेली भाषाही जाते. छापलेले वचन मात्र मागे राहते. म्हणून मिशनने छापखाना काढला आणि १८१७ साली मराठी छपाईस आरंभ झाला. श्रीरामपूरच्या भाषांतराची भाषा मुंबईकडील लोकांस नीट उमजेना, म्हणून नव्या कराराचे भाषांतर नव्याने हाती घेण्यात आले. ह्या कामात हॉल साहेबांचा मोठा वाटा होता.

घरचे दुःखही थोडे नव्हते. १८२५ साली त्यांच्या पत्नी मार्गारेटबाई दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. त्यांतील एक मुलगा प्रवासातच वारला. हॉल साहेब कामासाठी मागे राहिले. मार्च १८२६ मध्ये ते नाशिक व त्र्यंबक येथे गेले. तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांस वाटली, आणि ती बहुतेक संपल्यावर ते परत फिरले. वाटेत एका गावी देवळाच्या ओसरीत मुक्काम केला असता पहाटे त्यांसच पटकीने गाठले. सोबत दोन तरुण मुलगे होते. त्यांस व भोवती जमलेल्या लोकांस उपदेश करून व प्रार्थना करून त्यांनी २० मार्च १८२६ रोजी काही तासांतच देह ठेवला. वय बेचाळीसही पुरे नव्हते. शवपेटी मिळाली नाही. घोंगडीत गुंडाळून त्यांस मूठमाती देण्यात आली.

तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. हिशेब मांडणारा म्हणेल की हे श्रम वाया गेले. परंतु त्याच १८२६ साली मराठी नवा करार छापून पूर्ण झाला, आणि १८४७ साली संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आले. पेरणाऱ्याने पीक पाहिले नाही, पण बी मातीत पडले होते.

प्रिय बंधूंनो, परकी भाषा केवळ समुद्रापलीकडून येणाऱ्यासच असते असे समजू नका. आम्ही ज्या कामोठ्यात राहतो, तेथे मूळच्या ग्रामस्थांची आगरी बोली आहे, आणि आज घाटावरून, कोकणातून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. पनवेल तालुक्यातील डोंगराकडेच्या वाड्यांत कातकरी आपली बोली बोलतात. सेमिनरीत शिकलेली ग्रांथिक मराठी घेऊन आम्ही तेथे उभे राहिलो, तर आम्हीही परकेच. म्हातारी मान डोलावते, पण तिला समजले की नाही हे विचारण्याचे आपण कितीदा मनात आणतो?

हॉल साहेबांपाशी मोठा कोश नव्हता, सरकारचा आश्रय नव्हता, फार दिवसही नव्हते. ज्यांस शिकवावयाचे त्यांजकडूनच आधी शिकावे, एवढी नम्रता होती. पुढील आठवड्यात कोणत्याही वाडीत जाल, तेव्हा बोलण्यापूर्वी थोडा वेळ ऐका. तेथील लोक आपल्या दुःखास, आपल्या आशेस कोणता शब्द वापरतात तो टिपून घ्या, आणि त्याच शब्दांत प्रभूची गोष्ट सांगा.