देवळालीचे कापरेकर मास्तर आणि नुसत्या १ ची मूळ संख्या

सलग १९ वेळा १ लिहिला की तयार होणाऱ्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच निःशेष भाग जात नाही. म्हणजेच ती मूळ संख्या आहे. अशा एकसारख्या आकड्यांच्या खेळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर रमले. ते प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते.

कोण होते कापरेकर?
जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून आणि ज्योतिषाचे शौकीन, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ मध्ये पदवी. पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते शिकवत राहिले.

‘डेमलो’ म्हणजे काय?
मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या डेमलो स्थानकात ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. उदा. २५५३ : टोकांच्या २ आणि ३ ची बेरीज ५, आणि मध्ये सगळे ५. यातल्या सर्वात देखण्या संख्या नुसत्या १ च्या वर्गातून येतात. १११ चा वर्ग १२३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१.

दखल का घेतली गेली नाही?
अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटले. कापरेकरांनी पुस्तिका स्वतःच छापल्या. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे आकडे उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा. हेच पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर पूर्ण सात वजाबाक्या लागतात. जगाने दखल घेतली ती १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नसल्याने कापरेकर शिकवण्या घेत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मूळ संख्येचे कोडे काय?
वर्ग कधीच मूळ नसतो, पण ज्याचा वर्ग केला ती १ ची रांग मूळ असू शकते. त्यासाठी १ किती वेळा आला, तो आकडा मूळ हवा. ११११ मध्ये तो ४ आहे, म्हणून ११११ = ११ × १०१. पण एवढ्याने भागत नाही : १११ = ३ × ३७ आणि १११११ = ४१ × २७१. भूमच्या शाळेतला विद्यार्थीही हे फोनच्या कॅल्क्युलेटरवर पडताळू शकतो. ११ मूळ आहे, त्यानंतर थेट १९ वेळा १, मग २३ आणि मग ३१७. ४९,०८१ वेळा १ असलेली संख्या मूळ असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले.

अशा मूळ संख्या कधीतरी संपतात की संपतच नाहीत, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.