आपल्या गाडीचा माणूस : शेठ वालचंद हिराचंद

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी मोटार घ्यायची ठरली. नवी नव्हे, जुनीच. आजीला दवाखान्यात न्यायचे म्हटले की दर वेळी कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. म्हणून वडिलांनी दोन-तीन वर्षे पैसे साठवले होते. गाडी पाहून झाली, रंग झकास होता, भावही पटला होता. पण आईने सांगितले की मामा आल्याखेरीज पैसे द्यायचे नाहीत.

माझ्या मामांनी मुंबईत अनेक वर्षे काळी-पिवळी टॅक्सी चालवली. ते राजूरला आले ते थेट त्या गाडीपाशीच गेले. रंगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. इंजिन थंड असतानाच त्यांनी गाडी सुरू करून धुराचा रंग पाहिला. ऑइलची पट्टी काढून बोटांवर ऑइल चोळले. खाली वाकून चासीला कुठे वेल्डिंग झाले आहे का ते पाहिले. पुढची दोन्ही टायरे आतल्या बाजूनेच का झिजली आहेत, हे विकणाऱ्याला विचारले. मग आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या आकड्यांशी ताडून पाहिला, बँकेचा बोजा उतरला आहे की नाही ते वाचले, आणि शेवटी गाडी विठा घाटात चढवून-उतरवून आणली. संध्याकाळी ते वडिलांना म्हणाले की ही गाडी घेऊ नका. तिला मोठा अपघात होऊन गेलेला होता. आम्ही ती घेतली नाही.

त्या रात्री मामा बराच वेळ त्यांच्या जुन्या फियाटविषयी बोलत होते. ती गाडी बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाचा उल्लेख ते नुसता 'शेठ' असा करीत. हे शेठ कोण, हे मला ठाऊक नव्हते. सोलापूरचे वालचंद महाविद्यालय आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ही नावे ऐकलेली होती. पण नावामागचा माणूस माहीत नव्हता. म्हणून ग्रंथालयात जाऊन शोध घेतला. त्यातून जे हाती आले ते माझ्या मित्रमैत्रिणींसमोर ठेवीत आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजराती दिगंबर जैन. पण पिढ्यांच्या वास्तव्याने सोलापूरचेच झालेले. घरात कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय होता. वडील हिराचंद नेमचंद हे समाजकार्यात रमणारे गृहस्थ होते. वालचंद मुंबई-पुण्याला कॉलेजात गेले खरे, परंतु बी.ए. पुरे न करताच परतले. आपण सारे जी पदवी मिळवण्यासाठी धडपडत आहोत, ती या माणसापाशी नव्हती! परंतु पदवी नसली तरी शिकण्याची भूक त्यांना जन्मभर पुरली.

पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचे काम ठेक्याने घेतले. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ भांडवल आणि धाडस. पुढे बोरघाटातील बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणारे नळ अशी एकाहून एक मोठी कामे त्यांच्या हाती आली. १९२६ मध्ये त्यांनी स्थापन केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आजही बांधकामाच्या क्षेत्रात उभी आहे.

ठेकेदारीत पैसा मिळाला की बहुतेक माणसे तेथेच थांबतात. वालचंदांचे वेगळेपण असे की, आपल्या देशाला जे करता येणार नाही असे इतर लोक म्हणत, तेच त्यांना करावेसे वाटे. १९१९ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून एक जहाज विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्या वेळी समुद्रावरची सारी वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होती. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून ही कंपनी बुडवण्याचा प्रयत्न केला, तरीही ती तगली. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो या प्रवासाची आठवण म्हणून. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर त्यांनी ऊस आणि साखर कारखाना उभा केला; तेच आजचे वालचंदनगर. मालेगाव तालुक्यातील रावळगावही त्यांचेच.

आता मोटारीकडे वळू. मोटारी तेव्हा आपल्याकडे नव्हत्या असे नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत कारखाना घातला होता. परंतु तेथे गाडी बनत नसे, जुळवली जाई. परदेशातून खोक्यांत भरून सुटे भाग येत आणि इथले कामगार ते जोडीत. जोडणे आणि घडवणे यांत फार मोठे अंतर आहे. गाडी जोडणाऱ्याला नट कुठे पिळायचा ते समजते. गाडी घडवणाऱ्याला तो नट कोणत्या पोलादाचा हवा आणि का हवा, हेही समजावे लागते. खोके यायचे थांबले की जोडणाऱ्याचे हात रिकामे होतात.

हे अंतर ओळखणाऱ्या थोड्या माणसांत वालचंद होते आणि दुसरे थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. १९३० नंतरच्या दशकात विश्वेश्वरय्यांनी मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्याची या योजनेला सहानुभूती होती. पण १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना अडकली.

याच सुमारास एक नवलाची गोष्ट घडली. मोटार कारखान्याच्या बोलणीसाठी वालचंद अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन उद्योजक भेटला, जो चीनसाठी विमाने तयार करण्याच्या व्यवसायात होता. बोलता बोलता हिंदुस्थानात विमानांचा कारखाना काढण्याची कल्पना निघाली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. गेले मोटारीसाठी आणि उभे केले विमान! त्याच्या पुढच्याच वर्षी, २१ जून १९४१ रोजी, विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली.

मोटारीचे मात्र घोडे अडलेलेच होते. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी १९४० मध्ये करार झाला, पण इंग्रज सरकारने कारखान्याला युद्धकाळातील निकडीचा उद्योग मानण्यास नकार दिला. सरकारचा हा हिशेब किती चुकीचा होता, हे युद्धानेच दाखवून दिले. आयात आटली, पेट्रोलला रेशन लागले, आणि आपल्या रस्त्यांवर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी धावू लागल्या. ज्या देशाला गाडी फक्त विकत घेता येते, त्या देशाची गाडी कधीच त्याची स्वतःची नसते, हे वालचंद जे सांगू पाहत होते ते सर्वांना डोळ्यांनी दिसले.

अखेरीस १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, मुंबईच्या कुर्ला भागात कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी त्याही क्रायस्लरच्याच, जुळवलेल्या. घडवण्याचा पल्ला अजून लांब होता. पण १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. हा धडाडीचा माणूस अंथरुणाला खिळला. कारभार भावांकडे सोपवून ते निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

दैवाचा खेळ पाहा. ज्या वर्षी ते गेले त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की, ज्यांना या देशात गाडी प्रत्यक्ष घडवायची आहे त्यांनीच येथे राहावे. नुसती जुळवाजुळव चालणार नाही. परदेशी जुळवणी कारखान्यांनी लवकरच गाशा गुंडाळला. वालचंदांची जन्मभराची मागणी मान्य झाली, पण ऐकायला ते नव्हते. इटलीच्या फियाट कंपनीशी प्रीमियरचा संबंध १९५१ च्या सुमारास जुळला होता. १९५४ मध्ये फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिचे पुढचे रूप आले, आणि १९७० नंतरच्या दशकात त्याच गाडीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले : प्रीमियर पद्मिनी. हीच मामांची गाडी.

या गाडीची निव्वळ स्तुती करावी असे मला वाटत नाही. एकच गाडी वर्षानुवर्षे फारशा सुधारणेवाचून विकली गेली. स्पर्धा नव्हती, परवान्यांचे राज्य होते, आणि पैसे भरूनही माणसे गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहत बसत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा गिऱ्हाईक तिकडे धावले, यात नवल नाही. पद्मिनीला एअरबॅग नव्हती, आजच्यासारखे ब्रेक नव्हते. चाकांचे रक्षण फक्त चालवणाऱ्याच्या शहाणपणावर होते. वालचंद हयात असते तर त्यांनी ही गाडी इतकी वर्षे तशीच राहू दिली असती का, असा प्रश्न मला पडतो.

पण दुसरी बाजूही आहे. त्या १०८९ सीसीच्या इंजिनात असे काही नव्हते की जे साध्या मेस्त्रीला उघडून समजू नये. प्लग साफ करणे, पॉइंटमधले अंतर जुळवणे, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकणे, फॅनबेल्ट बदलणे ही कामे मामा स्वतःच करीत. सुटा भाग कुठल्याही नाक्यावर मिळे. कारखान्यात घडवण्याची विद्या आली, तशी ती हळूहळू रस्त्यावरच्या गॅरेजात उतरली. तेथे शाळा न शिकलेली मुले हाताखाली राहून मेस्त्री झाली आणि त्यांची घरे उभी राहिली. वालचंदांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली सर्वांत मोठी वस्तू मला हीच वाटते. गाडीवर मालकी कागदाने येते, पण गाडी आपली होते ती तिला उघडून समजून घेतल्यावर, हे त्या पिढीला ठाऊक होते.

कुर्ल्याचा कारखाना आज नाही. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. टॅक्सीसाठी मुंबईत वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. मामांची गाडी त्याआधीच भंगारात गेली होती. तिची किल्ली मात्र त्यांनी ठेवून घेतली आहे.

दिवाळीनंतर आम्ही दुसरी गाडी घेतली; रंग उडालेली, पण मामांनी पसंत केलेली. मला शिकाऊ परवाना मिळाला आहे, आणि शेजारी पक्का परवाना असलेले मामा बसले की मी चालवते. तिच्या इंजिनात बरेच काही संगणकाच्या हाती आहे, ते मला उघडता येणार नाही. तरी रोज सकाळी बॉनेट उघडून ऑइल, पाणी आणि ब्रेकचे ऑइल पाहणे, टायर आणि स्टेपनी दाबून पाहणे, गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही न उघडणे, हे मामांनी मला शिकवले आहे. विठा घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडायची नाही, आणि चढत्या गाडीला आधी वाट द्यायची, हेही.

परवा आजीला दवाखान्यातून परत आणताना घाटात समोरून भरलेली जीप चढत आली. मी दुसऱ्याच गिअरमध्ये होते. गाडी कडेला घेऊन थांबले, जीप वर गेली, मग हळूच निघाले. मागे बसलेली आजी झोपेतून जागीसुद्धा झाली नाही. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहत राहिले.