अकरा हजार मैल आणि दीड तास

लंडन आणि पर्थ यांमधील सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर प्रवासी विमान आज कुठेही न थांबता साधारण १७ तासांत पार करते. ही थेट सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली. त्याच्या ८८ वर्षे आधी एमी जॉन्सन या तरुणीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया एकटीने गाठले, तेव्हा त्या प्रवासाला साडेएकोणीस दिवस लागले होते.

१ जुलै १९०३ रोजी हल या बंदराच्या शहरात जन्मलेल्या एमी मासळीच्या व्यापाऱ्याची कन्या. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन त्या लंडनमधील एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करू लागल्या. फावल्या वेळात त्या विमान चालवायला शिकल्या आणि इंजिन दुरुस्तीचा अधिकृत परवानाही त्यांनी मिळवला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला होत्या.

५ मे १९३० रोजी क्रॉयडन विमानतळावरून त्यांचे ‘जेसन’ हे जुने विकत घेतलेले जिप्सी मॉथ विमान निघाले. लंडन ते हल याहून लांबचे उड्डाण त्यांनी तोवर केलेले नव्हते. पुढे होते अकरा हजार मैल, म्हणजे सुमारे १७,७०० किलोमीटर. वेग ताशी जेमतेम १४० किलोमीटर, आसन उघडे, संदेशवहनाची सोय नाही. इंधन पुरेल तिथवरच एक टप्पा. म्हणून व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास अशा मुक्कामांनी त्या सहा दिवसांत कराचीला पोहोचल्या. बर्ट हिंकलर यांच्या १९२८ मधील साडेपंधरा दिवसांच्या विक्रमाच्या त्या तेव्हा दोन दिवस पुढे होत्या.

ही आघाडी नंतर जमिनीवरच गमावली गेली. इंधन संपत आल्याने झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले आणि पंखाला इजा झाली. रंगूनजवळ इनसीन येथे विमान खड्ड्यात गेले. तिथल्या तंत्रशाळेच्या मदतीने दुरुस्ती होईपर्यंत मौल्यवान दिवस सरले. २४ मे रोजी त्या डार्विनला उतरल्या. विक्रम हुकला होता, तरी हा पल्ला एकटीने गाठणारी पहिली महिला म्हणून त्यांचे नाव जगभर झाले.

पुढे १९३१ मध्ये टोकियो आणि १९३२ मध्ये केपटाऊन या मार्गांवर त्यांनी विक्रम नोंदवले. दुसऱ्या महायुद्धात विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवण्याचे काम त्यांनी पत्करले. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळावर एक विमान न्यायचे होते. जेमतेम दीड तासाचे अंतर. खराब हवामानात विमान वाट सोडून दूर भरकटले आणि काही तासांनी थेम्सच्या मुखाजवळ समुद्रात कोसळले. त्यांना वाचवण्यासाठी बर्फगार पाण्यात उडी घेतलेले नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही मृत्यू झाला. एमींचा देह कधीच सापडला नाही. त्या तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या.

नकाशावरचे अंतर तेव्हाही मोजता येत होते. प्रवासाला लागणारा वेळ मात्र इंधन, वारा, ढग आणि उतरायला मिळणारी जमीन यांच्या हाती होता. अकरा हजार मैल पार करणाऱ्या वैमानिकाला दीड तासाचे उड्डाण पुरे करता आले नाही. आज तिकिटावर छापलेली पोहोचण्याची वेळ आपण निश्चिंतपणे वाचतो. ती निश्चिंती अशा अनेकांच्या उड्डाणांतून हळूहळू घडत आली आहे.