पेटंट होते, भांडवल नव्हते

पेटंटांची संख्या वाढली की संशोधन वाढले, असे आपल्या धोरणचर्चेत गृहीत धरले जाते. त्यावर विचार करताना मला शंकर आबाजी भिसे यांचे जीवन आठवते. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या भिसे यांनी किराणा मालाचे आपोआप वजन करणारे यंत्र योजून लंडनच्या एका स्पर्धेत पारितोषिक मिळवले आणि दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर विलायत गाठली. तेथे त्यांनी छपाईचे खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र सिद्ध केले.

कल्पनेला कायद्याचे संरक्षण मिळाले. मात्र कारखाना उभारण्याची ऐपत कायदा देत नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये पेटंटाची मुदत १४ वर्षे होती. भांडवलदाराच्या शोधात जाणारे प्रत्येक वर्ष त्या मुदतीतूनच वजा होत असे. १९१० च्या सुमारास जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांनी साहाय्य केले, परंतु तो उपक्रम टिकला नाही. पुढे भिसे अमेरिकेत गेले, तेथे खिळ्यांच्या यंत्रासाठी कंपनीही निघाली आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कल्पकतेभोवती मायदेशी उद्योग मात्र उभा राहिला नाही.

मी भिलाईच्या वैशाली नगरात राहतो. येथील पोलाद कारखाना १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. येथे तंत्रज्ञानासोबत भांडवल, यंत्रे, प्रशिक्षण आणि सरकारसारखा हमखास ग्राहकही आला. भिसे यांना नेमके हेच लाभले नव्हते. मात्र कराराने आलेले तंत्रज्ञान दुसऱ्याने योजलेले असते. स्वतःचे घडवायचे तर संशोधकाचा हक्क जपावाच लागतो.

१९७० च्या कायद्याने औषधांच्या रेणूंऐवजी केवळ प्रक्रियेला पेटंट देऊन देशी उद्योगाला वाव दिला. २००५ पासून उत्पादनालाही संरक्षण मिळाले. आज मुदत २० वर्षे आहे. ती वाढवण्याआधी मी एवढेच विचारीन : भिलाईतल्या लघुउद्योजकाला नमुना यंत्रासाठी कर्ज, चाचणीसाठी प्रयोगशाळा आणि पहिली मागणी कोण देणार? याचे उत्तर नसेल, तर पेटंट हे कुलूप ठरते. आत ठेवायला घर मात्र नसते.