ताराबाईंचे अंगण

बालवर्गाची भरभक्कम फी भरताना वाशी-नेरूळच्या पालकास ताराबाई मोडक क्वचितच आठवत असतील. राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. खरी कसोटी मात्र १९४५ पासून बोर्डीस लागली. माँटेसोरीची साधने खेड्यास परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शंखशिंपले, बिया, खडे वापरले. गाणी, नाच, नाटुकली यांना अभ्यासाचा मान दिला. (माँटेसोरीबाईंना कल्पनेच्या खेळांचे कौतुक बेताचेच!) मुले येईनात, तेव्हा शाळाच अंगणात नेली. पुढे कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, गुराख्यांसाठी कुरणशाळा भरू लागली. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या. १९७५ च्या सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव उचलले. खेळासाठी मात्र हात आखडताच ठेवला.