विश्लेषण : विद्यार्थ्याच्या कल्पनेला पैसा कोणी द्यायचा? बडोद्याच्या सयाजीरावांचे आयुष्य काय सांगते?

महाविद्यालयातल्या मुलांनी तयार केलेले एखादे यंत्र प्रदर्शनात बक्षीस मिळवते. फोटो छापून येतो. वर्षभराने तेच यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात असते. हा अनुभव बीड जिल्ह्यातील नेकनूरपासून मुंबईपर्यंत सगळीकडचा आहे. कल्पना असते, हुशारीही असते. पण पुढच्या टप्प्याला पैसा नसतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने याच प्रश्नावर खजिना उघडला होता. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे आयुष्य या अंगाने पाहिले, तर शिक्षण आणि तंत्रज्ञानासाठी निधी कसा द्यावा आणि तो कुठे वाया जातो, हे दोन्ही कळते.

सयाजीराव कोण होते?

जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव शेती करत. बडोद्याच्या गायकवाड घराण्याशी या कुटुंबाचे नाते होते, पण ते दूरचे. १८७५ मध्ये ब्रिटिशांनी बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना पदच्युत केले. त्यानंतर २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते गादीवर बसले. तेव्हा वय होते १२ वर्षे. शिक्षणाची खरी सुरुवात त्यानंतरच झाली. दिवाण सर टी. माधवराव आणि इंग्रज शिक्षक एलियट यांनी त्यांना घडवले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले.

उशिरा शिकायला मिळालेल्या या राजाने शिक्षणावर सढळ हाताने खर्च केला. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. १९०६ मध्ये ते संपूर्ण राज्याला लागू झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी अशी सक्ती नव्हती. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण समोर होते.

कलाभवन कशासाठी काढले?

१८८० च्या दशकात जर्मनीतले रासायनिक रंग हिंदुस्थानच्या बाजारात येत होते. ते स्वस्त होते आणि वापरायला सोपे होते. वनस्पतींपासून रंग करणाऱ्या इथल्या रंगाऱ्यांचा धंदा बसू लागला. नवे रसायनशास्त्र शिकायचे, तर ते इंग्रजीत होते आणि महाविद्यालयात होते. रंगाऱ्याचा, सुताराचा, लोहाराचा मुलगा तिथपर्यंत पोहोचत नव्हता.

बडोदा कॉलेजात तेव्हा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर रसायनशास्त्र शिकवत होते. सुरतेच्या सुतारकाम करणाऱ्या समाजातून आलेले, सयाजीरावांच्याच वयाचे. कारागिराला विज्ञान मिळाले पाहिजे आणि ते त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. सयाजीरावांनी ही कल्पना उचलली. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले.

पैसा नेमका कशावर खर्च झाला?

फक्त इमारतीवर नाही. कलाभवनात रंगकाम आणि छपाई, यंत्रकाम, सुतारकाम, वास्तुकाम, चित्रकला असे विषय होते. प्रयोगशाळा होती, तशी कार्यशाळाही होती. शिकवणे प्रामुख्याने गुजरातीतून होई. त्यासाठी तांत्रिक विषयांची पुस्तके आणि परिभाषा तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. रंगकामावर रंगरहस्य नावाचे नियतकालिकही निघाले. म्हणजे यंत्राइतकाच खर्च शिक्षकावर, पुस्तकावर आणि भाषेवर झाला.

याचे फळ अनपेक्षित ठिकाणीही मिळाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला त्र्यंबकेश्वरचा एक तरुण कलाभवनात आला आणि चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे तंत्र शिकला. तो म्हणजे धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके. १९१३ मध्ये त्यांचा राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला. कलाभवन सुरू करताना चित्रपट नावाची गोष्ट जगात नव्हतीच. मात्र छायाचित्रणासारखे नवे तंत्र तिथे हाताळायला मिळत होते, म्हणून पुढे त्यातून काहीतरी उभे राहिले.

मग फसले कुठे?

गज्जरांना कलाभवन ही मोठ्या तंत्रविद्यापीठाची पहिली पायरी वाटत होती. राज्याच्या प्रशासनाची झेप तेवढी नव्हती. १८९६ मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईला गेले. संस्था चालू राहिली, पण तिला घडवणारा माणूस गेला.

मुंबईत गज्जरांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेल्या डांबराचे डाग त्यांनी काढून दाखवले, तेव्हा त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नातून अलेम्बिक ही रसायन कंपनी उभी राहिली. मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीने नंतर बडोद्यातच बस्तान बसवले. एका शिक्षकावर केलेली गुंतवणूक अशी फिरून राज्यात परत आली. मात्र मधली वर्षे हातची गेली होती.

राज्याने स्वतः कारखाने चालवण्याचे प्रयोगही केले. बडोद्याची कापडगिरणी सरकारी पैशाने सुरू झाली, पण पुढे ती खासगी हातात द्यावी लागली. गणदेवीच्या साखर कारखान्यालाही यश आले नाही. राजाने कारखानदार होण्यापेक्षा कारखानदार घडवावेत, हे या अनुभवातून दिसले.

बँकेचा शिक्षणाशी काय संबंध?

शिकलेल्या माणसाला धंदा काढायचा तर भांडवल लागते. सावकाराच्या व्याजाने नवा उद्योग उभा राहत नाही. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली. भरणा झालेले भांडवल होते १० लाख रुपये. १९१० मध्ये बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय आले आणि खेड्यांपर्यंत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. शाळा, ग्रंथालय, कलाभवन, बँक ही कामे वेगवेगळी दिसतात. प्रत्यक्षात ती एकाच साखळीच्या कड्या होत्या. मुलगा आधी वाचायला शिकतो, मग हाताने काम करायला शिकतो आणि शेवटी स्वतःचे दुकान किंवा कारखाना काढतो. प्रत्येक टप्प्याला कोणीतरी पैसा द्यावा लागतो.

आंबेडकरांच्या शिष्यवृत्तीतून काय दिसते?

राजा हरिश्चंद्र आला त्याच १९१३ सालच्या उन्हाळ्यात बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याआधी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकतानाही त्यांना बडोद्याची मदत मिळत होती. परदेशासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर झाले. अट अशी की शिक्षणानंतर १० वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची.

विषय तंत्रज्ञानाचा नव्हता, अर्थशास्त्राचा होता. पण निधी देण्याच्या पद्धतीत हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. पैसा यंत्राला नव्हे, थेट माणसाला मिळाला. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली आणि अट आधी लिहून घेतलेली.

इथेही एक कडी निखळली. १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले. पदवी होती, हुद्दा होता, पण अस्पृश्य म्हणून राहायला खोली मिळेना. एका पारशी खानावळीत ओळख लपवून ते राहिले. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. काही दिवसांतच त्यांनी बडोदा सोडले. राज्याने परदेशी शिक्षणाचा खर्च केला. राज्याच्या राजधानीने त्या विद्वानाला छप्पर दिले नाही. तरीही १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला प्रबंध त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला.

या सगळ्याचा नेकनूरशी काय संबंध?

नेकनूर हे मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. सयाजीरावांच्या हयातीत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारनेही विद्यापीठावर मोठा खर्च केला. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. शिकवण्याची भाषा मात्र उर्दू होती. मराठी घरातल्या मुलाला पदवी हवी, तर दूरचे शहर आणि परकी भाषा असे दोन डोंगर ओलांडावे लागत. बडोद्यात कारागिराचा मुलगा मातृभाषेत रसायन शिकत होता, तेव्हा इकडे ती सोय नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदलले. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. आज त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे आणि बीड जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. दरमहा साडेअकरा पौंडांचा खर्च अशा रीतीने चार दशकांनी मराठवाड्याच्या दारात आला. सयाजीरावांना हे पाहायला मिळाले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज निधी कुठून येतो?

आज राजा नाही, योजना आहेत. शाळांसाठी अटल टिंकरिंग लॅब आहे. तिच्यात निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. उच्च शिक्षणातील संशोधनासाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट त्यासाठी ठरले. त्यातला मोठा वाटा उद्योग आणि देणगीदारांकडून येईल, अशी अपेक्षा आहे. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च मात्र सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहून कमी, ०.६४ टक्क्यांच्या आसपास आहे.

बीड जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, अंबाजोगाईला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जिल्ह्यातले प्रश्नही तयार आहेत. पाण्याचा हिशेब, ज्वारी-कापसाची काढणी, दरवर्षी गाव सोडणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या हातातला कोयता आणि डोक्यावरची मोळी. यावर काम करायला बाहेरचा विषय शोधावा लागत नाही.

बडोद्याचा अनुभव कसा लावायचा?

कोणत्याही योजनेकडे पाहताना पाच प्रश्न विचारता येतात. यंत्राबरोबर ते शिकवणाऱ्या माणसाचा पगार धरला आहे का? तो माणूस टिकावा, अशी मोकळीक आहे का? विषय मुलाच्या भाषेत समजतो का? बक्षिसानंतरच्या टप्प्याला, म्हणजे दुसरा-तिसरा नमुना बनवायला आणि धंदा उभारायला, कर्ज मिळते का? आणि शहरात गेलेल्या मुलाला किंवा मुलीला राहायला खोली मिळते का?

सयाजीरावांच्या राज्यात यातल्या काही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी होती. तिथे फाळके घडले, अलेम्बिक उभी राहिली, बँक टिकली. जिथे उत्तर नकारार्थी होते, तिथून गज्जर गेले आणि आंबेडकरही गेले. कलाभवन आजही बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा म्हणून चालू आहे. नेकनूरच्या मुलीने बनवलेला नमुना कपाटात राहतो की शेतात पोहोचतो, हे मंजूर रकमेच्या आकड्यावरून कळणार नाही. तिच्या वाटेवरच्या पाचही कड्या जागेवर आहेत का, ते पाहावे लागेल.