पिवळ्या शिरस्त्राणाचा वीर

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या शीव कोळीवाड्यात माझी आजी मासळीची पाटी डोक्यावर घेण्याआधी चुंबळ ठेवीत असे. कापडाचे ते साधे वेटोळे. पण त्यावाचून तिने कधी पाटी उचलली नाही. माझा मोठा भाऊ मात्र दिवसभर मोटारसायकलवरून पार्सले पोहोचवतो आणि हेल्मेट आरशाला अडकवून ठेवतो. चौकात पोलीस दिसला की तेवढ्यापुरते ते डोक्यावर चढते. या दोघांत शहाणे कोण, असा प्रश्न मला नेहमी पडे. आयर्टन सेन्नाचे चरित्र वाचले आणि त्याचे उत्तर मिळाले.

सेन्नाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी ब्राझीलमधील साओ पावलो शहरी एका सधन कुटुंबात झाला. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवलेली छोटी गाडी करून दिली. त्या खेळण्याने त्याच्या आयुष्याची दिशा ठरवली. पुढे तो इंग्लंडला गेला आणि १९८४ साली फॉर्म्युला वन शर्यतींत उतरला. त्याच वर्षी मोनॅकोच्या मुसळधार पावसात, टोलमन या दुबळ्या संघाच्या गाडीतून त्याने दुसरा क्रमांक पटकावला. १९८५ साली पोर्तुगालमध्ये त्याला पहिला विजय मिळाला, तोही पावसातच. पाऊस हा जणू त्याचा सखाच होता. १९८८, १९९० आणि १९९१ अशी तीन वेळा त्याने जगज्जेतेपद मिळवले. त्याच्या नावावर एकूण ४१ विजय आहेत. त्याचे पिवळे शिरस्त्राण आणि त्यावरचे हिरवे-निळे पट्टे लांबूनही ओळखू येत.

थोर माणसाचे दोष झाकू नयेत. १९९० साली जपानच्या शर्यतीत त्याने प्रतिस्पर्धी आलँ प्रोस्तच्या गाडीवर आपली गाडी घातली आणि जगज्जेतेपद मिळवले. ते कृत्य शोभणारे नव्हते. पण त्याच सेन्नाने १९९२ साली बेल्जियममध्ये सरावाच्या वेळी एरिक कोमास हा चालक अपघातात बेशुद्ध पडलेला पाहिला, तेव्हा स्वतःची गाडी थांबवली, धावत्या गाड्यांची पर्वा न करता तो धावत गेला, कोमासच्या गाडीचे इंजिन बंद केले आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचे डोके सावरून धरले.

दुसऱ्याचे डोके जपणाऱ्या या माणसाचा घात डोक्याच्या इजेनेच व्हावा, हा केवढा दैवदुर्विलास! १९९४ च्या एप्रिल अखेरीस इटलीतील इमोला येथे शुक्रवारी रुबेन्स बारिकेलो अपघातात जखमी झाला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलँड रॅट्झेनबर्गर मरण पावला. रविवारी, १ मे रोजी, सातव्या फेरीत सेन्नाची गाडी वळण सोडून काँक्रीटच्या भिंतीवर ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने आदळली. पुढचे चाक निखळून डोक्यावर आले आणि त्याला जोडलेला एक तुकडा शिरस्त्राण भेदून आत शिरला. वयाच्या ३४ व्या वर्षी हा दीप मालवला. त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर तो रॅट्झेनबर्गरच्या स्मरणार्थ फडकवायचा होता.

या गाड्यांची बैठक उघडी असते. चालकाचे सारे शरीर कार्बनच्या मजबूत कवचात, आणि डोके तेवढे बाहेर. या स्पर्धेत कठीण शिरस्त्राण सक्तीचे झाले तेच १९५२ साली. सेन्नाच्या मृत्यूनंतर नियमकर्ते खडबडून जागे झाले. १९९६ पासून डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा उंच आणि गुबगुबीत झाल्या. २००३ पासून मानेला आधार देणारे साधन सक्तीचे झाले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान आली. तिला हेलो म्हणतात; हेलो म्हणजे आपल्या देवादिकांच्या मस्तकामागची प्रभावळ. गाडी कुरूप दिसते म्हणून अनेकांनी नाके मुरडली. पण २०२० साली बहरीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फोडून पेटली, तेव्हा त्याच कमानीने कठडा अडवून त्याचे डोके वाचवले. सुरुवातीला तोही या कमानीच्या विरोधात होता. आगीतून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

सेन्नाच्या मागे त्याची बहीण विवियान हिने त्याच १९९४ साली त्याच्या नावाने संस्था काढली. ब्राझीलच्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी ती काम करते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. म्हणून त्याच्या ४१ विजयांपेक्षा हे स्मारक मला मोठे वाटते. डोक्याला बाहेरून जपणे आणि आतून घडवणे, ही दोन्ही कामे त्याच्या नावाने झाली.

हे सारे मी एका रात्री दादाला सांगितले. तो हसला, म्हणाला काहीच नाही. माझ्या फीचे पैसे त्याच मोटारसायकलवर कमावले जातात, हे मला ठाऊक आहे. तो घरी येईपर्यंत आईला झोप लागत नाही, हे त्याला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशाला अडकवलेले हेल्मेट मी काढून त्याच्या हातात दिले. त्याने ते डोक्यावर घातले आणि पट्टाही लावला. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी पाहत होते. ते डोक्यावरच होते. मित्रहो, पोलीस नसलेल्या चौकातही ते तिथेच राहो, एवढेच माझे मागणे आहे.